विमान स्वतःला सावरते कसे?

मे महिन्यातल्या दुपारी ग्वाल्हेरला उतरणारे प्रवासी विमान महाराजपूरच्या धावपट्टीजवळ येऊ लागले की तापलेल्या जमिनीवरून उठणारे गरम हवेचे लोट त्याला खालून धक्के देऊ लागतात. आतले प्रवासी खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात आणि प्रत्येक धक्का वैमानिकच सावरून घेत असणार, असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात धक्क्याला पहिले उत्तर विमानाची बांधणी देते. वैमानिकाचा हात त्यानंतर येतो. समजा, वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक दोन अंश वर गेले आणि वैमानिकाने काहीच केले नाही. पुढच्या काही सेकंदांत ते नाक आपोआप खाली येईल, आहे तिथेच राहील, की आणखी वर जात राहील? विमानाची उड्डाणगती, स्थैर्य आणि नियंत्रण यांचा सारा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो. ग्वाल्हेरकरांना तो विशेष जवळचा वाटायला हवा, कारण महाराजपूरच्या एकाच तळावर या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे देणारी विमाने ये-जा करतात: मुद्दाम स्थिर बांधलेले प्रवासी विमान, आणि मुद्दाम अस्थिर बांधलेले वायुदलाचे लढाऊ विमान मिराज-२०००.

सुरुवातीलाच दोन कल्पना वेगळ्या करून ठेवाव्या लागतात. विमान सरळ, एका वेगाने उडत असते तेव्हा त्याच्यावरची सगळी बले आणि त्याला फिरवू पाहणारे सगळे परिणाम एकमेकांना शून्य करतात. हा समतोल झाला. समतोल म्हणजे या क्षणी सर्व काही जुळलेले आहे, एवढेच. स्थैर्याचा प्रश्न त्यापुढचा आहे, तो असा की जुळलेले विस्कटले तर ते आपोआप पुन्हा जुळेल का. समतोलात असूनही अस्थिर असलेले विमान असू शकते, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे काहीच नीट समजत नाही.

विमान हवेत तीन प्रकारे वळते. नाक वर-खाली होणे म्हणजे पिच, एक पंख खाली आणि दुसरा वर जाणे म्हणजे रोल, नाक डावीकडे-उजवीकडे जाणे म्हणजे यॉ. या हालचाली घडवण्यासाठी वैमानिकाच्या हाती हलत्या फळ्या असतात: पिचसाठी आडव्या शेपटीच्या मागच्या कडेला एलिव्हेटर असतो, रोलसाठी पंखांच्या टोकांजवळ एलेरॉन असतात आणि यॉसाठी उभ्या शेपटीला रडर असतो. या तिघांपैकी पिचचे स्थैर्य सर्वांत महत्त्वाचे आणि समजायला सर्वांत रंजक आहे, म्हणून या लेखात त्याला अधिक जागा दिली आहे.

हा विषय मुलांना समजावताना मी त्यांना आधी एक ग्लायडर करायला लावतो. थर्मोकोलच्या पातळ शीटचा फूटभर लांबीचा पंख, बांबूची एक सडपातळ काडी, मागे लहानशी आडवी शेपूट आणि तिच्यावर उभी पट्टी, एवढे पुरते. वारा पडलेला असताना मेळ्याच्या मैदानावर हा ग्लायडर नाकाला कोणतेही वजन न लावता सोडला, तर तो नाक वर करतो, दोन हातांच्या अंतरातच वेग गमावतो आणि शेपटीवर घसरत खाली येतो. काडीच्या पुढच्या टोकाला एक रुपयाचे नाणे चिकटपट्टीने लावले, की तोच ग्लायडर नाक खाली घालून थेट मातीत शिरतो. आता शेपटीची मागची कड नखाने किंचित वर वळवायची. एकदा कमी, एकदा जास्त असे करता करता एक अशी अवस्था सापडते की ग्लायडर हातातून सुटल्यावर शांतपणे, दूरवर तरंगत जातो, आणि वाटेत झुळकेने हलला तरी पुन्हा आपल्या मार्गावर येतो. पुढे वजन आणि मागे किंचित वर वळलेली शेपूट, ही दोन्ही एकत्र असावी लागतात. केवळ एकाने काम भागत नाही.

असे का होते, ते आता पाहू. झोत खालून आला की वारा पंखाला आधीपेक्षा मोठ्या कोनात भेटतो. या कोनाला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात. तो वाढला की पंखाची उचल, म्हणजे विमानाला वर धरणारे बल, वाढते, आणि शेपूट हाही एक लहान पंखच असल्यामुळे तिच्यावरही वरच्या दिशेचे बल वाढते. पंखावरची वाढ त्याच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर लागते, तर शेपटीवरची वाढ कितीतरी मागे लागते. या सर्व वाढीव बलांचा एकत्रित परिणाम ज्या बिंदूवर लागतो त्याला तटस्थ बिंदू म्हणतात. विमानाचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य या तटस्थ बिंदूच्या पुढे असेल, तर वाढलेली उचल गुरुत्वमध्याच्या मागे लागते, शेपटीकडचा भाग वर उचलला जातो, नाक खाली येते आणि बिघाड आपोआप ओसरतो. गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या मागे असेल तर तीच वाढलेली उचल नाकाला आणखी वर रेटते, कोन आणखी वाढतो, उचल आणखी वाढते आणि बिघाड स्वतःलाच वाढवत जातो. नाणे लावण्याआधी ग्लायडरचे नेमके हेच होत होते.

‘शेपूट खाली दाबत असते म्हणून विमान स्थिर राहते’ असे विधान बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. ते अर्धवट आहे आणि त्याने विद्यार्थ्यांचा पुष्कळ घोटाळा होतो. शेपटीवरचे बल वरच्या दिशेने आहे की खालच्या, यावर समतोलाचा हिशेब अवलंबून असतो. स्थैर्य मात्र ते बल कोनाबरोबर किती बदलते यावर ठरते. शेपूट खाली दाबत असेल तर कोन वाढताच तिचा दाब कमी होतो. ती वर उचलत असेल तर तिची उचल वाढते. दोन्ही वेळा नाकावरचा परिणाम सारखाच, म्हणजे खाली आणणारा असतो. यात आणखी एक गुंतागुंत आहे. पंखावरून गेलेली हवा मागे खाली वळलेली असते, त्यामुळे कोनातली वाढ शेपटीपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही, तिचा काही भागच पोहोचतो. शेपूट पुरेशी मोठी आणि पुरेशी दूर ठेवावी लागते, त्यामागे हे एक कारण आहे.

शेपटीचा कोन पंखापेक्षा थोडा कमी ठेवला की हलके विमान स्वतःला सावरते, हे आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये दाखवून दिले. पॅरिसच्या त्वीलरी बागेत त्याने रबराच्या पिळावर चालणारे लहान विमान सुमारे ४० मीटर उडवले. इंजिनाच्या जोरावर माणूस घेऊन उडणाऱ्या पहिल्या विमानाच्या बत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि मैदानात मुले शेपटीची कड नखाने वळवतात तेव्हा ती पेनोचीच रचना करत असतात.

गुरुत्वमध्य पुढे असणे चांगले, तर मग तो खूप पुढे का ठेवत नाहीत? कारण अतिस्थिर विमान वैमानिकाचेही ऐकत नाही. उतरताना शेवटच्या क्षणी नाक वर करायचे असते. गुरुत्वमध्य फार पुढे असेल तर एलिव्हेटर पूर्ण वळवूनही नाक पुरेसे उचलले जात नाही. म्हणून प्रत्येक विमानाला गुरुत्वमध्याच्या दोन मर्यादा घालून दिलेल्या असतात: पुढची मर्यादा प्रामुख्याने नियंत्रण ठरवते, मागची स्थैर्य ठरवते. माझ्या मते हे एक वाक्य नीट उमगले की विषयाचा अर्धा गाभा हाती आला.

या मर्यादा प्रवाशाला रोज दिसत असतात, फक्त लक्ष जात नाही. लहान शहरांना जोडणाऱ्या एटीआर-७२ विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात. माणसे आणि सामान मागे साचून विमान जमिनीवरच शेपटीवर बसू नये, म्हणून ते उभे असताना शेपटीखाली एक टेकू लावतात. प्रवासी कमी असतील तर केबिनमधले कर्मचारी काही जणांना पुढच्या किंवा मागच्या रांगेत बसायची विनंती करतात, तीही याच हिशेबाने. उड्डाणाआधी भरल्या जाणाऱ्या लोड अँड ट्रिम शीटमध्ये प्रवासी, सामान आणि इंधन यांच्या वजनावरून गुरुत्वमध्य काढलेला असतो, आणि तो ठरलेल्या चौकटीत बसल्याखेरीज विमान हलत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे एकोणीस प्रवासी नेणारे बीचक्राफ्ट-१९०० जातीचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील सर्व २१ जण दगावले. सामान आणि माणसे गृहीत धरल्यापेक्षा जड होती, गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्या बराच मागे गेला होता, आणि देखभालीत एलिव्हेटरची जोडणी चुकल्यामुळे नाक खाली आणण्यासाठी तो पूर्ण वळत नव्हता. स्थैर्य आणि नियंत्रण एकाच वेळी गमावले गेले. त्यानंतर तिकडे प्रवाशाच्या सरासरी वजनाचे गृहीतकच वाढवण्यात आले.

आतापर्यंत आपण नाक योग्य दिशेला परत वळते की नाही, एवढेच पाहिले. पण परत येताना ते मूळ जागा ओलांडून पलीकडे गेले तर? मग ते पुन्हा वळेल, पुन्हा ओलांडेल, आणि ही आंदोलने विरत जातात की वाढत जातात, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. वेल्समधील बँगॉरचे गणिताचे प्राध्यापक जी. एच. ब्रायन यांनी १९११ मध्ये यासाठी जी समीकरणे मांडली, तीच थोड्याफार फरकाने आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवली जातात. लहान हालचालींपुरते पाहिले तर विमानाची गती दोन स्वतंत्र गटांत विभागते, एक नाकाच्या वर-खाली होण्याचा आणि दुसरा आडव्या हालचालींचा, हे या समीकरणांचे मोठेच सुख आहे.

पहिल्या गटात दोन आंदोलने असतात. एक जलद असते, सेकंद-दोन सेकंदांचे, आणि चांगल्या विमानात ते जाणवण्याआधीच विरते. दुसरे संथ असते, त्याला फुगॉइड म्हणतात. विमान हळूहळू खाली उतरते आणि वेग मिळवते. वेग वाढल्यामुळे उचल वाढते आणि ते वर चढू लागते. चढताना वेग गमावते आणि पुन्हा उतरू लागते. या सगळ्यात अँगल ऑफ अटॅक जवळपास तोच राहतो, केवळ उंची आणि वेग यांची अदलाबदल चाललेली असते. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे आंदोलन गणिताने उलगडले आणि त्यातून एक विलक्षण निष्कर्ष निघाला: एका आवर्तनाला लागणारा वेळ विमानाच्या वजनावर किंवा आकारावर जवळजवळ अवलंबून नसतो, तो केवळ वेगावर ठरतो. वेग मीटर प्रति सेकंद धरून त्याला ०.४५ ने गुणले की सेकंदांत अंदाज मिळतो. हातातून पाच मीटर प्रति सेकंद वेगाने सुटलेल्या थर्मोकोलच्या ग्लायडरला एक डोलणे पुरे करायला सव्वादोन सेकंद लागतात, तर ताशी ५०० किलोमीटरने जाणाऱ्या एटीआरला मिनिटाहून थोडा जास्त वेळ. काही ग्रॅमचा ग्लायडर आणि वीस टनांवरचे विमान एकाच सूत्रात बसतात, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. जोराने फेकलेला ग्लायडर लाटेसारखा वर-खाली जात उतरतो, तो फुगॉइडच असतो.

वैमानिकाला फुगॉइडचा एरवी त्रास होत नाही, कारण इतके संथ आंदोलन तो सहज मोडून काढतो. पण नियंत्रणच हातातून गेले तर? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची फिरती तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी द्रवाच्या दाबाने फळ्या हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. एलिव्हेटर, एलेरॉन, रडर यांपैकी काहीच हलेना. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंखांखालच्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. त्या संपूर्ण वेळात विमान सुमारे मिनिटभराच्या फुगॉइडमध्ये वर-खाली होत होते, आणि जोर कधी वाढवायचा याचा अंदाज प्रत्येक लाटेच्या पुढे राहून बांधावा लागत होता. विमानातील २९६ जणांपैकी १८४ जण वाचले.

आडव्या हालचालींचा गट थोडक्यात सांगतो. उभी शेपूट नाकाला वाऱ्याच्या दिशेत ठेवते. टोकांकडे वर उचललेले किंवा मागे झुकलेले पंख विमान एका बाजूला घसरू लागले की त्याला पुन्हा सपाट करू पाहतात. हे दोन परिणाम एकमेकांशी नीट जुळले नाहीत तर दोन प्रकार घडतात. पंखांचा परिणाम वरचढ झाला तर विमान काही सेकंदांच्या तालात एकाच वेळी डावी-उजवीकडे वळत आणि डुलत राहते. याला डच रोल म्हणतात, आणि जेट विमानांत तो दाबण्यासाठी रडर आपोआप हलवणारे यॉ डँपर बसवलेले असते. उभी शेपूट वरचढ झाली तर थोडे कललेले विमान अगदी हळू, अधिकाधिक कलत, चक्राकार खाली जाऊ लागते. हा दुसरा प्रकार बऱ्याच विमानांत सौम्य प्रमाणात राहू दिलेला असतो, कारण क्षितिज दिसत असेल तर वैमानिक तो नकळत दुरुस्त करत असतो. ढगात मात्र तो जीवघेणा ठरू शकतो, कारण कल इतका हळू वाढतो की शरीराला तो कळतच नाही, म्हणून तिथे शरीरापेक्षा कृत्रिम क्षितिजाच्या यंत्रावर विश्वास ठेवायला शिकवतात.

स्थैर्य ही नेहमीच निर्विवाद चांगली गोष्ट मानली गेली असेही नाही. ग्लायडर-संशोधक ऑटो लिलिएंथाल आपल्या शरीराचे वजन इकडेतिकडे सरकवून ग्लायडर सांभाळत आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यावरून राइट बंधूंनी निष्कर्ष काढला की वैमानिकाच्या हाती खरे, पुरेसे नियंत्रण असले पाहिजे. त्यांनी आडवी नियंत्रक फळी पुढे ठेवली, वळण्यासाठी पंख पिळण्याची योजना केली, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान पहिल्यांदा बारा सेकंद उडाले ते पिचमध्ये अस्थिरच होते. ते क्षणोक्षणी सांभाळावे लागे. पुढच्या पिढीतल्या विमानांनी शेपूट मागे नेली आणि स्थैर्य स्वीकारले, ते योग्यच झाले, कारण तासन्तास असे विमान सांभाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

माणसाच्या आवाक्याबाहेरचे हे काम संगणकाकडे सोपवता येऊ लागल्यावर प्रश्न पुन्हा उघडला, आणि त्याचे उत्तर ग्वाल्हेरच्या मुरार भागाच्या आकाशात अनेकदा दिसते. मिराज-२००० चे पहिले उड्डाण १९७८ मध्ये झाले, आपल्या वायुदलात ते १९८५ मध्ये आले आणि महाराजपूर हे त्याचे घर झाले. त्याला आडवी शेपूट नाही; त्रिकोणी पंखाच्या मागच्या कडेच्या फळ्या एलिव्हेटर आणि एलेरॉन या दोघांचे काम करतात आणि त्यांना एलेव्हॉन म्हणतात. अशा बिनशेपटीच्या विमानाला स्थिर ठेवायचे असेल तर गुरुत्वमध्य पुढे ठेवावा लागतो, आणि मग नाक वर धरण्यासाठी या फळ्या वर वळवून पंखाची मागची कड खाली दाबावी लागते. म्हणजे ज्या वेळी उचल सर्वांत जास्त हवी, त्या उतरण्याच्या वेळीच पंख स्वतःची उचल कमी करत असतो. आधीच्या पिढीतल्या मिराज-३ चा उतरण्याचा वेग फार असे, त्याचे हे एक प्रमुख कारण होते. मिराज-२००० मध्ये गुरुत्वमध्य मागे सरकवून अस्थिरता पत्करली. आता तोल राखण्यासाठी फळ्या खाली वळतात, पंखाची उचल वाढते, विमान कमी वेगाने उतरू शकते आणि हवेत चटकन वळते.

याची किंमत अशी की ते विमान स्वतःला सावरत नाही. तळहातावर उभी काठी तोलताना हात सतत, काठी पडू लागण्याआधीच सरकावा लागतो. ते काम इथे संगणक करतो. नाक किती वेगाने फिरते आहे आणि त्वरण किती आहे हे संवेदक मोजत राहतात, आणि एका सेकंदात अनेक वेळा फळ्यांना आज्ञा जातात. वैमानिकाची दांडी फळ्यांना थेट जोडलेली नसते. दांडी मागे ओढून तो ‘मला एवढे वळण हवे’ अशी मागणी नोंदवतो. ती कशी पुरवायची आणि विमानाच्या मर्यादेपलीकडची मागणी कुठे अडवायची, हे संगणक ठरवतो. एका संगणकावर अवलंबून राहणे परवडणारे नसते, म्हणून एकच काम करणारे अनेक मार्ग समांतर चालू ठेवतात आणि बाकीच्यांशी न जुळणारा मार्ग आपोआप बाजूला काढला जातो. आपले तेजसही बिनशेपटीचे, त्रिकोणी पंखाचे आणि अस्थिर आहे. ४ जानेवारी २००१ रोजी ते पहिल्यांदा उडाले, त्यात असे चार समांतर मार्ग असलेली डिजिटल यंत्रणा होती.

तरीही यात एक जागा फार नाजूक राहते, ती म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यामधली. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाचा पहिला नमुना १९८९ मध्ये उतरताना आपटला, आणि १९९३ मध्ये दुसरे एक ग्रिपेन स्टॉकहोममधील प्रात्यक्षिकात कोसळले. दोन्ही वेळा वैमानिक वाचला. वैमानिकाने दांडी झपाट्याने हलवली तेव्हा फळ्या जितक्या वेगाने फिरू शकत होत्या त्यापेक्षा जास्त वेगाची मागणी झाली, उत्तर उशिरा आले, उशिराच्या उत्तराला त्याने आणखी जोराने दुरुस्त केले, आणि दोघे मिळून आंदोलन वाढवत गेले. वैमानिक आणि विमान वेगवेगळे तपासले असते तर दोघेही निर्दोष ठरले असते. यानंतर संगणकाचे नियम बदलावे लागले. म्हणूनच नव्या विमानाची चाचणी केवळ समीकरणांवर सोडत नाहीत. चाचणी वैमानिक ठरावीक काम, उदाहरणार्थ आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या मध्यरेषेवर उतरणे, प्रत्यक्ष करतो आणि १९६९ मध्ये तयार झालेल्या कूपर-हार्पर मापनपट्टीवर १ ते १० असा अंक देतो. १ म्हणजे वैमानिकाला जवळजवळ काहीच भरपाई करावी लागली नाही, आणि १० म्हणजे ते काम करताना कधीतरी नियंत्रण सुटणारच.